ढगांचा पट्टा आणि पेरणीचा दिवस
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०२३ सालच्या एप्रिल महिन्यात भारतीय हवामान खात्याने त्या वर्षीचा मान्सून सरासरीच्या ९६ टक्के होईल, असा अंदाज दिला. सप्टेंबरअखेर देशाचा पाऊस ९४ टक्के भरला. शास्त्राच्या हिशेबाने अंदाज खरा ठरला. परंतु त्याच सप्टेंबरात कर्नाटक सरकारला राज्यातले १९५ तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर करावे लागले, आणि पुढे ही संख्या आणखी वाढली. त्या वर्षीचा ऑगस्ट देशाच्या दृष्टीने १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. अंदाज खरा आणि रान कोरडे, अशी ही विसंगती आहे. आळंद, भालकी, औराद किंवा बसवकल्याणच्या शेतकऱ्याला देशाच्या सरासरीशी काय करायचे? त्याला आपल्या शेतात चाड्यावर मूठ केव्हा धरावी, एवढेच हवे असते.

या दोन प्रश्नांमधले अंतर ओळखून त्यावर अर्धशतक काम करणाऱ्या एका मराठी विदुषीचा परिचय या सीमाभागातील वाचकांना असायला हवा. डॉ. सुलोचना गाडगीळ यांचे जुलै २०२५ मध्ये निधन झाले. त्यांची कर्मभूमी कर्नाटकच होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी आपले सारे महत्त्वाचे संशोधन केले. तरीही मराठी ग्रंथालयांच्या कपाटांत त्यांच्याविषयी फारसे काही सापडत नाही. (माधवराव गाडगीळांच्या पश्चिम घाट अहवालावर मात्र पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले.)

सुलोचनाबाई पूर्वाश्रमीच्या फाटक. जन्म १९४४ साली पुण्याचा, शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात उपयोजित गणित हा विषय घेऊन १९७० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. संशोधन सागरी प्रवाहांवर होते. अटलांटिक महासागरातील गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह नदीसारखी वळणे का घेतो, याचे गणित त्या मांडत होत्या. प्रश्न सुंदर होता. पण तो प्रवाह दुसऱ्यांच्या किनाऱ्यावरून वाहत होता. १९७१ मध्ये त्या मायदेशी परतल्या आणि पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत काम करू लागल्या. दुसऱ्याच वर्षी १९७२ चा दुष्काळ आला. सीमेपलीकडे उस्मानाबाद जिल्ह्यात आणि साऱ्या मराठवाड्यात माणसे खडी फोडायला गेली, मिलोच्या भाकरी आणि सुकडीवर दिवस काढले गेले, हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. १९७३ मध्ये गाडगीळ दांपत्य बंगळूरला विज्ञान संस्थेत दाखल झाले.

मान्सून म्हणजे काय, हे शाळेत सर्वांनीच पाठ केलेले असते. उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र त्या मानाने थंड राहतो, म्हणून वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात. किनाऱ्यावरच्या खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांचाच हा विराट अवतार. ही कल्पना इंग्रज ज्योतिर्विद एडमंड हॅली याने १६८६ मध्ये मांडली, आणि तीनशे वर्षे ती पाठ्यपुस्तकांतून हलली नाही. खरे तर १९२१ मध्येच जॉर्ज सिम्पसन या हवामानशास्त्रज्ञाने तिच्यातील खोट दाखवली होती. (कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत गेलेले तेच हे सिम्पसन.) जमीन सर्वांत जास्त तापते ती मे महिन्यात, पाऊस ऐन भरात असतो तेव्हा, जुलैमध्ये, ती त्याहून थंड असते. शिवाय ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी जमीन चांगल्या वर्षापेक्षा अधिक तापलेली असते. जमिनीच्या तापण्यानेच पाऊस येत असता, तर दुष्काळाच्या वर्षी तो धो धो कोसळायला हवा होता. बीदरच्या पठारावरचा कोणताही शेतकरी या युक्तिवादाला मान डोलावील.

सत्तरच्या दशकात उपग्रहांची दैनंदिन चित्रे मिळू लागली. पुण्याच्या संस्थेतील देवराज सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी ती दिवसामागून दिवस, महिन्यामागून महिने नजरेखाली घातली. भारताच्या रेखांशांवर ढगांचा पट्टा नेमका कोणत्या अक्षांशावर आहे, याची नोंद करायची, असे हे चिकाटीचे काम. १९८० मध्ये त्यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याने मान्सूनचे चित्र बदलले. ढगांचे पट्टे दोन असतात. एक भारताच्या भूमीवर, दुसरा विषुववृत्ताजवळ हिंदी महासागरावर. भूमीवरचा पट्टा विरला म्हणजे पावसाला खंड पडतो; मग समुद्रावरचा पट्टा हळूहळू उत्तरेकडे सरकतो आणि भूमीवरच्या पट्ट्यात पुन्हा जीव भरतो. दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने हे घडत राहते. मान्सून हा खाऱ्या वाऱ्यांचा अवतार नव्हे. पृथ्वीभोवती उष्ण कटिबंधात असणारा ढगांचा पट्टाच ऋतूनुसार उत्तरेस सरकून भारतावर येतो. श्रावणात पाऊस का थांबतो आणि पुन्हा कोठून येतो, या जुन्या कोड्याचा धागा इथे हाती लागला.

मग प्रश्न आला समुद्राचा. १९८४ मध्ये पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह त्यांनी दाखवले की सागरपृष्ठाचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर ढगांची मोठी जुळणी क्वचितच होते. तो उंबरठा ओलांडला की तिची शक्यता एकदम वाढते. मात्र त्यापुढे समुद्र आणखी तापला म्हणून ढग वाढतीलच असे नाही. उंबरठा ओलांडणे ही अट आहे, हमी नव्हे. बंगालचा उपसागर पावसाळ्यात या उंबरठ्याच्या वर राहतो, म्हणूनच तिथून एकामागून एक कमी दाबाचे पट्टे निघून भूमीकडे येतात. १९९९ च्या पावसाळ्यात या उपसागरावर जहाजे पाठवून भारतीय शास्त्रज्ञांनी जी मोठी मोहीम राबवली, तिच्या आखणीतही त्यांचा वाटा होता.

गणकयंत्रावरची प्रतिमाने या साऱ्याचा हिशेब कसा करतात? पृथ्वीभोवतालच्या हवेच्या चौकटी पाडायच्या, प्रत्येक चौकटीत वारा, उष्णता, बाष्प यांची समीकरणे सोडवायची, आणि काळ थोडा थोडा पुढे ढकलत न्यायचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस या चौकटी इतक्या मोठ्या होत्या की बीदर आणि कलबुर्गी एकाच चौकटीत मावत. ढग मात्र चौकटीहून कितीतरी लहान. म्हणून ढगांचा परिणाम अनुमानाने भरावा लागे, आणि घोळ तिथेच होई. जगभरातील तीस प्रतिमानांचा ताळा सुलोचनाबाईंनी सहकाऱ्यासमवेत १९९८ च्या निबंधात घेतला. कित्येक नामांकित प्रतिमानांमध्ये ढगांचा मुख्य पट्टा विषुववृत्ताजवळच्या समुद्रावरच रेंगाळत राही. भारताकडे यायलाच तयार नसे! दोन पट्ट्यांची जाण नसती, तर ही चूक कोठे शोधायची हेही कळले नसते.

२००२ साली या शास्त्राची सत्त्वपरीक्षा झाली. १९८८ पासून हवामान खाते डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सोळा घटकांच्या सूत्रावर अंदाज देत होते. त्या सूत्राने चांगली वर्षे पाहिली होती. २००२ चा अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता. प्रत्यक्षात जुलैचा पाऊस निम्म्यावर आला आणि हंगाम सुमारे १९ टक्के तुटीने संपला. उलट १९९७ मध्ये प्रशांत महासागरात प्रचंड एल निनो असूनही पाऊस सरासरीइतका झाला होता. एल निनो आला की दुष्काळ, हा सोपा आडाखा दोन्हींचे उत्तर देऊ शकत नव्हता. २००४ मध्ये सुलोचनाबाई आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हिंदी महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यातही एक झोका चालतो. कधी त्याच्या पश्चिम भागावर ढग दाटतात आणि सुमात्राकडचा भाग मोकळा राहतो, तेव्हा ते आपल्या पावसाला अनुकूल. कधी याच्या उलट. १९९७ मध्ये हा झोका अनुकूल होता, म्हणून एल निनोचा घाव झेलला गेला. २००२ मध्ये दोन्ही विरुद्ध गेले. अंदाज चुकले तेव्हा ते का चुकले हे सहकाऱ्यांसह जाहीरपणे लिहिण्याचे धैर्यही त्यांनी दाखवले. सरकारी खात्यांच्या भोवती वावरणाऱ्या शास्त्रज्ञांत हा गुण विरळाच.

तथापि त्यांच्या कार्याचा सर्वांत मोलाचा भाग या सर्वांपेक्षा कमी गाजलेला आहे. कर्नाटकातील पावगड आणि शेजारच्या आंध्रातील अनंतपूर हा अतिशय कमी पावसाचा प्रदेश. तिथल्या भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्यांत त्या जाऊन बसल्या. शास्त्रज्ञ सहसा उत्तर घेऊन जातात. त्यांनी प्रश्न मागितला. असे दिसले की पिढ्यान्‌पिढ्या घेतल्या जाणाऱ्या मिश्र पिकांविषयी लोकांकडे मुरलेले शहाणपण होते. परंतु गेल्या काही दशकांत सारे रान एकट्या भुईमुगाने व्यापले, आणि या नव्या पिकाविषयी आजोबांनी सांगून ठेवलेले काहीच नव्हते. केव्हा पेरावे, हाच त्यांचा प्रश्न होता. अनेक वर्षांच्या पावसाच्या नोंदी पिकाच्या वाढीच्या प्रतिमानात घालून पाहता उत्तर आले: जुलैच्या मध्यानंतर पेरले तर पीक बुडण्याचा धोका कमी होतो. शेतकरी मात्र जूनअखेरच्या ओलीवरही पेरीत. त्यांना अडाणी म्हणणे सोपे होते. पण हाती आलेली ओल सोडली आणि पुढची आलीच नाही तर काय, हा त्यांचा हिशेबही खोटा नव्हता. त्या हिशेबाला आकड्यांची जोड देणे, कोणत्या तारखेला किती धोका हे उघड मांडणे आणि निर्णय त्याच्याकडेच ठेवणे, ही त्यांची रीत होती.

हे सर्व बीदर-कलबुर्गीला जसेच्या तसे लागू होत नाही. पावगडची जमीन हलकी आणि तांबडी. इथली काळी, खोल, ओल धरून ठेवणारी. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती तूर मृगापासून पुनर्वसूपर्यंत केव्हाही पेरली जाते आणि तिचे भवितव्य ठरते थेट फुलोऱ्यात. सुरुवातीला पाणी साचले तर मर लागते, फुलोऱ्यात आभाळ आले तर शेंगा पोखरणारी अळी पडते. बीदरकडे मूग-उडदाच्या रानात सोयाबीन शिरले. त्याच्याविषयीही आजोबांची म्हण नाही. आता कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले आहेत. २०२५ पासून हवामान खात्याच्या नव्या प्रतिमानाच्या चौकटी अवघ्या सहा किलोमीटरांच्या झाल्या आहेत. एका आळंद तालुक्यात आता अशा कित्येक चौकटी मावतात. पावगडला भुईमुगासाठी मांडला तसा हिशेब इथल्या तुरीसाठी मांडायचा, तर पेरणीच्या तारखेबरोबर फुलोऱ्याचे पंधरवडेही त्यात धरावे लागतील. कोणत्या वर्षी तूर कोणत्या नक्षत्रावर पेरली आणि अळी केव्हा पडली, हे कोणत्याही पर्जन्यमापकात नोंदलेले नाही. ते गावोगावच्या जुन्या शेतकऱ्यांच्या आठवणीत आणि थोडेफार त्यांच्या वह्यांत आहे.