मर्यादित पणाचा पोकर

भंडारा जिल्ह्यातील साकोलीच्या बाजूस दिवाळी आणि धानाची कापणी यांची गाठ जवळजवळ एकाच सुमारास पडते. भाऊबीज झाली की गावोगाव मंडया भरू लागतात, पाहुणे येतात, आणि पुष्कळ घरांच्या ओसरीवर पत्त्यांचा जोड निघतो. तो डाव बहुधा तीन पत्त्यांचा असतो. शहरातील सुशिक्षित घरेही या बाबतीत काही मागे आहेत असे नव्हे.

तीन पत्तीत न पाहता खेळणारा एक रुपया लावील, तर पाहून खेळणाऱ्यास दोन लावावे लागतात. आणि चाल चढत जाते. एक रुपयाची चाल दहा वेळा दुप्पट झाली की १०२४ रुपयांवर जाते. वरची मर्यादा ठरवून घेतली नसेल, तर हाती बरी पाने असलेला पण पैशाने तोकडा मनुष्य भिऊन पाने टाकतो. म्हणजे तेथे पत्त्यांपेक्षा खिसाच अधिक खेळतो. पोकरचा एक प्रकार मात्र असा आहे की, ज्यात हे भय नियमानेच दूर केलेले आहे. त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

या प्रकारात प्रत्येकास दोन पाने गुप्त मिळतात व पाच पाने सर्वांसाठी क्रमाने उघडी मांडली जातात. पैसे लावण्याच्या फेऱ्या चार. पहिल्या दोन फेऱ्यांत पण एक रुपयाचा धरला, तर शेवटच्या दोहोंत तो दोन रुपयांचा. वाढ करावयाची ती तेवढ्यानेच, आणि एका फेरीत चार पणांपलीकडे कोणी जावयाचे नाही. हिशेब केला तर एका डावात एका मनुष्याचे फार तर २४ रुपये जातात.

हे एवढे साधे बंधन, पण त्यामुळे खेळाची नीतीच पालटते. मध्ये १२ रुपये जमले आहेत व अखेरच्या फेरीत प्रतिपक्षाने २ रुपये लावले, असे समजा. आता तुम्हांस २ देऊन १४ मिळवावयाचे आहेत. आठांत एकदा जरी तुमची पाने सरस ठरण्याचा संभव असला, तरी पैसे देण्यात तोटा नाही. म्हणूनच येथे नुसती हूल देऊन कोणास उठविणे कठीण. हूल अजिबात देऊच नये असे मात्र नाही; कधीच न देणाऱ्याच्या चांगल्या पानांवरही कोणी पैसे लावीत नाही. वरच्या उदाहरणात खऱ्या बळावरच्या सात पणांमागे एक पोकळ पण, हे योग्य प्रमाण होय.

उलटपक्षी, पाने सरस असल्याची खात्री वाटत असता पुष्कळ लोक संकोचाने नुसती बरोबरी करतात, ही मोठी चूक. वाढ लहान असल्यामुळे प्रतिपक्ष ती बहुधा देतोच. न मागितलेला रुपया कोण देणार? आणि आशेवर बसणाऱ्यानेही मोजावे. तीन पाने उघडल्यावर तुमच्याजवळ चार बदाम जमले, तर न दिसलेल्या ४७ पानांत बदाम नऊ उरतात. पुढचेच पान बदामाचे येण्याविरुद्ध ३८ व बाजूस ९. तेव्हा द्यावयाच्या रकमेच्या सव्वाचार पट तरी मध्ये असली, तर बसून राहावे.

हूल देण्यामागेही गणित आहे, हे जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात दाखविले. पुढे २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांमधील हा मर्यादित खेळ संगणकाकडून जवळजवळ पूर्ण सोडविला. त्या यंत्राची एक रीत मोठी मौजेची आहे. वाटणाऱ्याच्या जागी असता, हाती एक्क्यांची जोडी आली तरी, पहिल्या फेरीतील अखेरची वाढ ते जवळजवळ कधीच करीत नाही. एका रुपयासाठी आपले बळ उघडे करण्यापेक्षा पुढच्या मोठ्या फेऱ्यांसाठी ते झाकून ठेवणे त्यास परवडते. आपल्याकडे एक्के हाती आलेला मनुष्य चेहऱ्यावरूनच ओळखू येतो!

हे ऐकून कोणी असे समजेल की, मर्यादा ठरविली म्हणजे भीती उरली नाही. परंतु मर्यादा चालीला असते, रात्रीला नसते. कच्च्या पानांवर उगाच बसून डावामागे सरासरी दोन रुपये घालविणारा खेळाडू तासाला तीस डाव या हिशेबाने पाच तासांत ३०० रुपये देऊन उठतो. आणि मोठा फटका एकही बसलेला नसल्यामुळे त्यास ते घरी गेल्यावर कळते. शिवाय कायदा पण लहान की मोठा हे पाहत नाही. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीत मुख्यतः कौशल्य आहे असे म्हटले, पण तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ दैवाचा ठरविला. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला, तेव्हा कौशल्याचा खेळ व दैवाचा खेळ असा भेद त्यात ठेवला नाही. वर सांगितलेले सर्व गणित चिंचोके मांडूनही तंतोतंत पडताळून पाहता येते.