डोळा कोणी घडवला?



आपण पुष्कळजण जळगाव-धुळ्याकडच्या कपाशीत निंदणी-वेचणी करत वाढलो. शेतातला पिवळा चिकट सापळा पाहिलाच असेल. पांढऱ्या माशीच्या डोळ्याला पिवळा रंग कोवळ्या पानासारखा खेचतो, म्हणून ती तिथं चिकटते. माशा किती ते पाहून फवारणी ठरवली, तर पंप पाठीवर घेणाऱ्या आपल्याच माणसाच्या अंगावरचं विष तेवढं टळतं.

आम्हाला विचारतात, इतका नाजूक डोळा देवाशिवाय कोण करील? आम्ही म्हणतो, एहिपस्सिको, या आणि बांधावर बसून पहा. गांडुळाला डोळेच नाहीत, पण कातडीला उजेड कळतो. गोगलगायीच्या शिंगाच्या टोकाला डोळा आहे, अंधुक दिसण्यापुरता. चतुराच्या एकेका डोळ्यात हजारो भिंगं. उडता डास तो हवेतच धरतो. (चतुर काही गोगलगायीपासून झाला नाही; प्रत्येकाची वाट वेगळी.) अर्धवट डोळाही उपयोगी पडतो, हे डार्विनने १८५९ सालीच मांडलं. १९९४ मध्ये निल्सन व पेल्गर या शास्त्रज्ञांनी हिशेब केला: उजेड कळणाऱ्या सपाट कातडीपासून भिंगाचा डोळा व्हायला चार लाखांहून कमी पिढ्या पुरतात.

मुलांनो, येत्या रविवारी भिंग घेऊन या. पांझरेच्या काठी चतुर शोधू.

जयभीम!