नळी कशासाठी, किती दिवस?

(पनवेल येथे महिला गटांच्या आरोग्य बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या बैठकीसाठी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, लघवीच्या नळीवर बोलते. फोनवर जरा शांतता पसरली. मग पलीकडून विचारणा झाली, "पत्रकात 'स्त्रियांचे मूत्रविकार' असं छापू का?" छापा म्हटलं. पण मी बोलणार आहे ती नळीवरच.

दोन वर्षांपूर्वी माझं गर्भाशय काढलं. गाठी होत्या, अंगावरून इतकं जायचं की हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. ऑपरेशनची गरज होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्याकडे याला "पिशवी काढली" म्हणतात. मी घरी आले ती दुसरी पिशवी घेऊन, लघवीची. शेजारच्या काकू बघायला आल्या. मी सांगितलं, "पिशवी लावलीय." त्या म्हणाल्या, "अगं, काढली ना?" टाके दुखेपर्यंत हसलो दोघी. त्या चौदा दिवसांत हसल्याचं तेवढंच आठवतं.

गर्भाशय काढल्यावर नळी साधारण एक-दोन दिवस ठेवतात. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईची दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. माझी ठेवली. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "राहू दे, बरं असतं." घरी सोडताना कार्डावर लिहिलं होतं, "कॅथेटर १४ दिवस". का, ते लिहिलं नव्हतं. आणि मी, जी वीस वर्षं बायकांना "डॉक्टरांना प्रश्न विचारा" म्हणून सांगत फिरते, ती गप्प बसले. आडवं पडलेल्या माणसाचा आवाज कसा जातो ते तेव्हा कळलं.

घरी चौथ्या दिवशी मला ती नळी नकोशी झाली. सारखी लघवीची भावना व्हायची, मध्येच ओटीपोटात कळ यायची. ओळखीच्या एका कंपाउंडरला बोलावून नळी काढूनच टाकावी, असं ठरवत होते. सहाव्या दिवशी परिचारिका असलेली एक मैत्रीण आली. कार्ड वाचून ती म्हणाली, "चौदा दिवस उगाच ठेवत नाहीत. मूत्राशयाला काही झालं का विचार." तिसऱ्यांदा फोन केल्यावर उत्तर मिळालं. माझी दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. त्यामुळे मूत्राशय गर्भाशयाला चिकटलं होतं, सोडवताना फाटलं, आणि तिथल्या तिथे शिवलं.

असं चांगल्या हातूनही होतं. वेळीच लक्षात आलं, नीट शिवलं, तर बहुतेक वेळा भरूनही येतं. पण शिवलेल्या मूत्राशयावर ताण पडू नये म्हणून ते रिकामं ठेवावं लागतं. त्यासाठी ती नळी होती. एका वाक्यात सांगण्यासारखी गोष्ट. चौथ्या दिवशी मी नळी काढून घेतली असती, तर टाके उसवून मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये भोक पडण्याचा धोका होता. मग लघवी रात्रंदिवस ठिबकत राहते. याला फिस्टुला म्हणतात. अडलेल्या बाळंतपणातही तो होतो, आणि झालेल्या बाईला घरातल्या घरात कोपऱ्यात टाकलं जातं.

इथे जरा वाट सोडून बोलते. या फिस्टुल्याच्या शस्त्रक्रियेचा आणि नळी आत ठेवून जखम भरू देण्याच्या पद्धतीचा इतिहास अमेरिकेतल्या गुलाम बायकांच्या शरीरावर लिहिलेला आहे. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामा राज्यात डॉ. मॅरियन सिम्स यांनी गुलाम काळ्या स्त्रियांवर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. त्यांतल्या तिघींची नावं आपल्याला माहीत आहेत, अॅनार्का, ल्यूसी आणि बेट्सी. एकट्या अॅनार्कावर सुमारे तीस वेळा. ल्यूसीच्या मूत्राशयात नळीऐवजी स्पंजचा तुकडा ठेवला, तो आत घट्ट बसला आणि ओढून काढताना ती मरणाच्या दारी गेली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा सिम्स यांचा पुतळा अखेर एप्रिल २०१८ मध्ये हलवला. त्या तिघींना कोणी काही विचारलं नव्हतं. मला निदान फोनवर उत्तर मिळालं, तेही तिसऱ्या फोनला.

आता घराकडे येऊ. दवाखान्यात सांगतात, "पिशवी खाटेला खाली अडकवा." किती घरांत खाट आहे? आमच्या गटातली एक बाई गेल्या वर्षी नळी घेऊन घरी आली. गादी जमिनीवर, पिशवी उशाशी. पिशवी नेहमी मूत्राशयापेक्षा खाली हवी, नाही तर लघवी उलटी आत जाते आणि जंतुसंसर्ग होतो. आम्ही शेजारून खाट मागून आणली. तेही जमत नसेल तर दोन-तीन गाद्या एकावर एक घाला आणि पिशवी खाली स्वच्छ टबात ठेवा, नुसत्या जमिनीवर नको.

आणि पदर! तपासणीला जायचं, रिक्षात बसायचं, पिशवी लोकांना दिसू नये म्हणून आपण काय करतो? मांडीवर घेतो आणि वर पदर ओढतो. मीही तेच केलं. म्हणजे लाजेपायी लघवी परत आत ढकलली. कापडी पिशवीत घालून पायाशी धरा. दिसली तर दिसू दे. सलाईनची बाटली दिसते तेव्हा कोणी लाजत नाही.

पाण्याचंही तसंच. या काळात दिवसाला आठ-दहा ग्लास पाणी प्यायला हवं, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असल्यास डॉक्टर सांगतील तेवढं. पण आपल्याला कमी पिण्याची सवय. पनवेलहून सीएसएमटीला लोकलने सव्वा तासाच्या वर लागतो, गाडीत संडास नाही. ज्या बायका घरकामाला जातात त्यांना कामाच्या घरी संडास वापरू देत नाहीत. बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या आदिवासी बायकांना विचारा, सकाळपासून किती पाणी प्यायलं. मुंबईत बायकांनी "राइट टू पी" मोहीम चालवली ती याचसाठी. लघवी आवरण्याचं हे शिक्षण नळी लागली तरी सुटत नाही. मी पिशवी लवकर भरू नये म्हणून पाणी कमी प्यायचे, कारण ती रिकामी करायला कोणाला तरी हाक मारावी लागायची.

हाक मारायची कोणाला? माझा नवरा करायला तयार होता. पहिल्या दिवशी त्याने मग हातात घेतला, तर नणंदेने काढून घेतला. "दादा, तू राहू दे, हे बायकांचं काम." त्या बिचारीचं दुखणारं कंबरडं, तरी ती वाकून वाकून करत होती. तिसऱ्या दिवशी मी दोघांना समोर बसवून सांगितलं. रात्रीची पिशवी नवऱ्याने रिकामी करायची. साबणाने हात धुवायचे, अर्ध्याहून जास्त भरली की तोटी उघडायची, तोटी भांड्याला टेकवायची नाही, बंद करून पुन्हा हात धुवायचे. यात बायकांचं म्हणून काय आहे? बऱ्याच घरांत मात्र यासाठी मुलीची शाळा बुडते. ते आपल्या गटांनी बघायला हवं.

बाकीचं पटकन सांगते. नळी मांडीला चिकटपट्टीने लावून घ्या, ओढ बसू नये. रोज साबण-पाण्याने धुवा, पुढून मागे. हळद, तेल, पावडर काही लावू नका. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, त्याने नळीवर दाब येतो. तीन-चार तास लघवी आलीच नाही तर आधी नळी मुडपली आहे का, आपण तिच्यावर झोपलोय का बघा. तसं नसेल तर लगेच दवाखाना गाठा. थंडी वाजून ताप, कमरेत दुखणं, रक्ताच्या गाठी, घाण वास आला तरीही. नळी ओढू नका, कापू नका. आत पाण्याने भरलेला फुगा असतो, त्यातलं पाणी बिनसुईच्या सिरिंजने काढल्यावरच ती निघते. काढल्यावर चार-सहा तासांत लघवी झाली नाही तर सांगा.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. ही ऑपरेशनं हवी होती का, हे आपण विचारलं, विचारायलाच हवं होतं. पण ऑपरेशन करून घरी गेल्यावर त्या बाईला कोणी झोपू दिलं, कागदावर काय लिहून दिलं, हे आपल्या चळवळीनेही फारसं विचारलं नाही. मीही नाही.

कागदाचा हक्क आपला आहे. डॉक्टरांसाठी २००२ पासून असलेल्या नियमांनुसार, मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांच्या नोंदी द्याव्या लागतात. नळी घेऊन घरी निघताना कार्डावर तीन गोष्टी लिहून मागा. नळी का ठेवली, कोणत्या तारखेला काढायची, आणि रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. कोणी म्हणेल, डॉक्टर रागावतील. रागावू देत.

मी माझं कार्ड आणलंय, हातोहात फिरवा. आणि ही पिशवी, कोरी आहे, केमिस्टकडून घेतलेली. खालची तोटी कशी उघडते ते प्रत्येकीने एकदा करून बघा. मागे बसलेल्या भाऊंनीही.