जट : व्रताची आणि भयाची

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात महिला विभागापुढे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘केसांची निगा’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांच्या मनात तेल, शिकेकाई आणि फणी यांपलीकडे फारसे काही नसावे. परंतु ज्या केसांना फणी लागू दिली जात नाही, त्यांच्याविषयी आपल्या व्यासपीठावर कोणी बोललेले मी आजवर ऐकले नाही. म्हणून आज मी जटेविषयी बोलणार आहे. विषय अप्रिय वाटल्यास क्षमा असावी.

गेल्या वैशाखात माझ्या माहेरी लग्न होते. थोरल्या बंधूंचा नातू पुण्याहून आला, तो खांद्यावर रुळणाऱ्या जटा घेऊन. हल्लीची मुले त्यांना ‘ड्रेडलॉक्स’ म्हणतात. आमच्या एका वयोवृद्ध आप्तांनी त्याला सर्वांदेखत सुनावले, ‘‘हे असले डोके घेऊन मांडवात उभा राहू नकोस.’’ मुलगा नम्रपणे म्हणाला, ‘‘आजोबा, मी दर आठवड्याला धुतो. हात लावून पाहा.’’ कोणी हात लावला नाही. मला मात्र त्याच घरात, त्याच आप्तांनी, माझ्या आत्याबाईंच्या जटेला वाकून केलेला नमस्कार आठवला.

आत्याबाई बारा वर्षांच्या असताना विषमज्वराने महिनाभर अंथरुणास खिळल्या होत्या. वेणीफणी झाली नाही आणि मानेवर केसांचा गुंता झाला. दारी जोगवा मागण्यास आलेल्या जोगतिणीने तो पाहून ‘ही देवीची जट’ असे सांगितले. त्या दिवसापासून फणी बंद झाली. मंगळवारी व शुक्रवारी जटेला हळदकुंकू वाहिले जाई; पण ती कधी धुतली जात नसे. जट असलेली मुलगी सून म्हणून कोण पत्करणार? आत्याबाईंचे लग्न झाले नाही. चाळीस वर्षे त्या एकाच कुशीवर निजल्या. मानेवर उवा व जखमा झाल्या आणि भाराने मान एका बाजूस कलली. १९९४ साली त्यांनी मला जवळ बोलावून म्हटले, ‘‘बाई, देवीचे खूप केले. आता माझी मान मोकळी कर.’’

मी माझ्या हातांनी जट कापली. आत्याबाईंनी मानेवर हात नेला आणि बराच वेळ तो तेथून काढला नाही. चौथ्या दिवशी घरातील लहान मुलाला हुडहुडी भरून ताप आला. कोणी काही बोलले नाही. परंतु सर्वांच्या नजरा आत्याबाईंकडे वळल्या आणि खरे सांगावयाचे तर माझीही छाती धडधडली. डॉक्टरांनी रक्त तपासले. ताप हिवतापाचा होता. गोळ्या दिल्या, मूल बरे झाले. भगिनींनो, कात्रीपेक्षा तो चौथा दिवस अवघड असतो. जट एका तासात कापता येते. पुढे घरात जे जे आजारपण येईल, ते ते तिच्या माथी मारले जाते.

जट होते कशी, ते आता पाहू. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांतील पन्नास ते शंभर रोज आपोआप गळतात. विंचरले नाही तर हे गळालेले केस जिवंत केसांत अडकून राहतात. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे सूक्ष्म खवले असतात. ते एकमेकांत गुंततात आणि तेलकटपणा, धूळ व घाम यांनी ती गुंतवळ घट्ट बसते. आजारपणात, बाळंतपणानंतर, किंवा लांब केस डोक्यावर गोळा करून साबणाने गोल गोल चोळल्यानेही असा गुंता होतो. कधी तर एकाच न्हाणात होतो. यात देवीचा कोप नाही आणि कृपाही नाही. पोलंड देशात अशीच जट पूर्वी सर्रास आढळे, आणि ती कापल्यास माणूस आंधळा वा वेडा होतो असे तेथील लोक मानीत. एकोणिसाव्या शतकात क्राकोव्ह येथील वैद्यक प्राध्यापक युझेफ डीट्ल यांनी अनेक रुग्णांची माहिती गोळा करून हा रोगच नव्हे, अस्वच्छतेचा परिणाम आहे, असे दाखवून दिले. तेथे आपली देवी नव्हती; भय मात्र तेच होते.

कोणी म्हणेल, जटा तर आपल्या शंकराच्या मस्तकावर आहेत. खरे आहे. परंतु आपल्याच शास्त्रपुराणांत जट कशी येते ते पाहावे. वनवासास निघताना गंगातीरी श्रीरामांनी गुहाकडून वडाचा चीक मागवून स्वतःच्या व लक्ष्मणाच्या जटा वळल्या, असे वाल्मीकींनी सांगितले आहे. चौदा वर्षे संपली, अयोध्येस परत आले, तेव्हा राज्याभिषेकापूर्वी त्यांनी जटा उतरवून स्नान केले. म्हणजे जट हे स्वतः घेतलेले व्रत होते, आणि व्रत संपताच ती उतरली. ज्यांनी व्रत घेतलेच नाही, त्या बारा वर्षांच्या मुलीवर ते जन्मभर कोणी घातले?

भावाच्या नातवाच्या जटांचे मूळ जमैका बेटावर आहे. तेथे १९३० मध्ये इथिओपियाच्या सम्राटपदी रास तफारी बसल्यानंतर ‘रास्ताफारी’ पंथ उदयास आला. हे लोक बायबलातील ‘गणना’ ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील व्रतस्थाचा नियम पाळून मस्तकास वस्तरा लावीत नाहीत आणि साधा, बहुधा शाकाहारी आहार घेतात. १९६३ च्या एप्रिलमध्ये कोरल गार्डन्स येथील दंग्यानंतर पोलिसांनी त्यांची धरपकड करून कित्येकांच्या जटा बळाने कापल्या. त्याबद्दल तेथील सरकारने २०१७ मध्ये क्षमा मागितली. तेथे बळाने कापल्या, येथे बळाने राखल्या. अन्याय दोन्हीकडे एकच : ज्याचे मस्तक, त्याला कोणी विचारले नाही.

म्हणून जो स्वखुशीने जटा राखतो, त्याला मी नावे ठेवीत नाही. मात्र त्याने निगा राखली पाहिजे. त्या मुलाकडून मी समजून घेतले ते असे. जटा आठवड्यातून एकदा धुवाव्यात. रिठ्याचे पाणी चालते, पण साबणाचा अंश आत राहू देऊ नये. हलक्या हाताने पिळून उन्हात वा वाऱ्यावर आतपर्यंत वाळवाव्यात, कारण ओल राहिल्यास दुर्गंधी व बुरशी येते. ओल्या जटा बांधू नयेत. मेण वा दाट तेल चोपडू नये. मुळाशी फार ताणून वळू नयेत, नाहीतर केस मुळापासून जातात. रात्री सुती फडके बांधावे. डोक्याची कातडी बोटांनी चाचपून खाज, फोड, उवा पाहाव्यात. जी जट धुता येते आणि मनात येईल तेव्हा उतरवता येते, ती भयाची नव्हे.

आता घरात अवचित गुंता झाल्यास काय करावे? तेल भरपूर लावून, मुळाकडून नव्हे तर टोकाकडून, रुंद दातांच्या फणीने थोडा थोडा सोडवावा. दोनतीन दिवस लागले तरी चालेल. सुटत नसेल तर कात्रीने कापावा. केसांत ज्ञानतंतू नसल्याने कापताना दुखत नाही. फक्त कातडी जपावी. जखम असेल तर आधी डॉक्टरांस दाखवावे. उवांसाठी रॉकेल कदापि लावू नये.

कित्येक मुलींना जट हीच आज्ञा मानून यल्लमाला सोडण्यात आले, हे आपण जाणतो. मुली वाहण्याच्या प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ चा कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापिलेल्या समितीच्या कार्यकर्त्यांनी अनेक भगिनींच्या जटा समजूत घालून, त्यांच्या संमतीने कापल्या आहेत. परंतु कायदा आणि कार्यकर्ते उंबरठ्यापर्यंत येतात. आत आपणच असतो.

तेव्हा संघापुढे माझी एवढीच विनंती आहे. आपल्या ज्ञातीतील ज्या भगिनीस जट उतरवावयाची असेल, तिच्या घरी आपल्यापैकी दोघीतिघींनी जावे. केवळ कापण्याच्या दिवशी नव्हे, चौथ्या दिवशी आणि चौथ्या महिन्यातही जावे. आणि स्थळ पाहताना ‘हिच्या घरात जट होती’ हा शब्द कोणी उच्चारू नये.

आत्याबाई त्यानंतर अकरा वर्षे जगल्या. रोज सकाळी त्या अंगणात बसून आपल्या पांढऱ्या केसांची लहानशी वेणी घालीत. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोललेले त्यांना खपत नसे.