फळमाशी व आपले कर्तव्य

(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांचा वर्षाचा संसार हापूसच्या कलमांवर चालतो. यास्तव आम्ही आज या व्यासपीठावरून एका क्षुद्र माशीविषयी बोलणार आहोत, याचे कोणी हसे करू नये.

फळमाशी तयार होत आलेल्या आंब्याच्या सालीखाली अंडी घालते. वरून फळ निर्दोष दिसते. आत अळ्या गर पोखरीत असतात. भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या खेपांत अशी कीड वारंवार सापडल्यावरून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपला आंबा बंद केला. मोसम ऐन भरात होता. आमच्या पडवीत रचलेल्या पेट्या मिळेल त्या भावाने विकाव्या लागल्या. बंदी २०१५ च्या आरंभी उठली. परंतु तो धडा विसरण्याजोगा नाही.

उपाय आहेत. युरोपसाठी फळ ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवतात. जपानसाठी उष्ण वाफ देतात. अमेरिकेचे दार २००७ साली उघडले ते लासलगावच्या केंद्रातील विकिरणाने. ४०० ग्रे मात्रेचे हे किरण कोयीत दडलेल्या भुंग्यापर्यंतही पोहोचून त्यास वांझ करतात. फळ मात्र किरणोत्सारी होत नाही.

तथापि बागेतील आळस कोणतेही यंत्र भरून काढीत नाही. गळलेल्या फळांतील अळ्या मातीत शिरून कोष करतात व नव्या माश्या होऊन वर येतात. म्हणून अशी फळे रोज वेचून खोल पुरली पाहिजेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा लावावा. त्यातील मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर माश्या ओढल्या जातात.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. आम्ही स्वतः वर्षानुवर्षे गळ झाडाखालीच कुजू दिली, आणि बंदी येताच दोष परदेशी अधिकाऱ्यांस दिला! आमच्या कुंपणावरून किती माश्या शेजाऱ्याच्या बागेत गेल्या असतील, याचा हिशेब कोण करणार?

माशीस सातबारा कळत नाही, तशीच जातही कळत नाही. एकट्याने सापळा लावून भागणार नाही. सबंध वाडीने लावला पाहिजे. शेजारची बाग आपल्या ज्ञातीची असो वा नसो, तिच्या मालकास हाताशी धरल्यावाचून आपली पेटी सुरक्षित नाही. आपल्या मंडळाने हे कार्य अंगावर घ्यावे, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.