बेडकाची कातडी



कामगार चळवळीतल्या माणसाने बेडकाच्या कातडीवर बोलावे, ह्याचे काहींना नवल वाटले असेल. त्याचे कारण साधे आहे. तेल आणि रसायने हाताळून बोटांची सालपटे निघालेले कामगार माझ्याकडे येऊ लागले, तेव्हा त्वचा म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी मी मिळतील ती पुस्तके वाचू लागलो. त्या पुस्तकांत माणसाच्या बरोबरीने बेडूक भेटत गेला.

तसा बेडूक आपणां मराठवाड्यातल्या लोकांना नवा नव्हे. मृग कोरडा गेला म्हणजे खेड्यांत धोंडी निघे. काठीला बेडूक बांधून, कडुनिंबाचा पाला लावून पोरे दारोदार हिंडत आणि आयाबाया त्यावर तांब्याभर पाणी ओतीत. उन्हात बांधलेला तो जीव तगे कसा, असा प्रश्न मला लहानपणी पडे. उत्तर त्या तांब्यातच होते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून तो ते आत ओढून घेतो. पाऊस येवो न येवो, बेडकाला मात्र दारोदार पाणी मिळे.

आपल्या त्वचेवर मेलेल्या पेशींचा एक जाडसर थर असतो. भिंतच म्हणा ना. बेडकाला ही भिंत परवडत नाही, कारण कातडी हे त्याचे फुप्फुसही आहे. आता ह्या वैशाखात आपले कित्येक बेडूक जमिनीखाली निपचित पडले आहेत, त्यांचा श्वास पुष्कळसा कातडीतूनच चालला आहे. म्हणून त्याच्या अंगावर भिंतीऐवजी ग्रंथी आहेत, आणि त्या मुख्यत्वे दोन प्रकारच्या आहेत.

पहिल्या श्लेष्मल ग्रंथी. त्या लहान, असंख्य आणि अंगभर पसरलेल्या असतात. त्यांतून बुळबुळीत, पारदर्शक स्राव पाझरत राहतो. हवेतला प्राणवायू आधी ह्या ओलाव्यात विरघळतो आणि मग कातडीखालच्या रक्तात जातो; ओल सुकली की श्वास अडला. शत्रूच्या तोंडातून निसटायलाही हाच बुळबुळीतपणा उपयोगी पडतो.

दुसऱ्या विषग्रंथी. ह्या मोठ्या, पण संख्येने थोड्या. त्यांच्याभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींचे वेष्टन असते आणि प्राणी घाबरला की ते ग्रंथी पिळून काढते. आपल्या अंगणात दिव्याखाली किडे टिपायला येणारा खडबडीत अंगाचा भेक आठवा. त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर उंचवटे दिसतात, ते विषग्रंथींचे मोठे गाठोडेच होय. कुत्र्याने तोंडात धरून दाबले की दुधासारखा चीक बाहेर येतो. त्यातली विषे थेट हृदयावर परिणाम करतात. कण्हेरीतल्या विषाशी त्यांचे जवळचे नाते आहे. पण भेक आपण होऊन कुणाच्या अंगावर धावत नाही. उचलल्यावर तो जे पाणी सोडतो, ते मूत्राशयात साठवलेले पाणी असते, विष नव्हे. त्या पाण्याला भिऊन पोरे त्याला दगड मारतात, हे मला फार वाईट वाटते.

इतर उभयचरांनी ह्याच भांडवलावर निरनिराळे धंदे उभारले आहेत. आपल्याकडचा झाडबेडूक ग्रंथींतला स्निग्ध स्राव पायांनी अंगभर चोपडतो, त्यामुळे ओल टिकते. ब्राझीलमधल्या एका बिनपायाच्या, गांडुळासारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या डोक्याकडे श्लेष्मल ग्रंथींची दाटी, तर शेपटाकडे विषग्रंथींची दाटी आढळली आहे. पुढून जमिनीत घुसायची सोय, मागून पाठलागाचा बंदोबस्त.

आता ओल्या कातडीवर जंतू का माजत नाहीत? अमेरिकेत मायकेल झॅसलॉफ ह्या डॉक्टरांना हाच प्रश्न पडला. शस्त्रक्रिया केलेले आफ्रिकी बेडूक ते गढूळ पाण्यात सोडीत, तरी जखमा चिघळत नसत. १९८७ साली त्यांनी कातडीतली जंतुनाशक द्रव्ये वेगळी केली आणि ढाल ह्या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून त्यांना मॅगेनिन हे नाव दिले. केरळातल्या बेडकाच्या कातडीतून मिळालेले, फ्लूच्या काही विषाणूंना मारणारे द्रव्य २०१७ साली प्रसिद्ध झाले. तिकडच्या लवचीक तलवारीवरून त्याला उरुमिन म्हणतात. तो बेडूक आपल्या सह्याद्रीतही आहे. मात्र उंदरांवरचे यश म्हणजे औषध नव्हे. मॅगेनिनपासून बनवलेल्या मलमाला अमेरिकेत १९९९ साली मान्यता मिळाली नव्हती.

जंतूंना अडवणाऱ्या ह्या ग्रंथींना एक गोष्ट अडवता येत नाही, ती म्हणजे आपली फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. भिंतीसारखी त्वचा असलेल्या माणसाची ही गत. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बाजारातली सात बुरशीनाशके, कीडनाशके व तणनाशके बेडकांच्या पिलांवर फवारली होती. डब्यावर छापलेल्या शिफारशीच्या मात्रेत सुद्धा एका औषधाने तासाभरात सगळी पिले मेली. सर्वांत सौम्य ठरलेल्यानेही सात दिवसांत शंभरातली चाळीस मारली. डब्यावरची मात्रा पिकाचा हिशेब करून ठरते. फवारणाऱ्या मजुराला हातमोजे द्यावेत म्हणून आम्ही भांडतो. बेडकाला मोजे घालता येत नाहीत, आणि घातले तर तो गुदमरेल.

येत्या पावसाळ्यात मुलांना बेडूक दाखवायचा झाला, तर हात आधी स्वच्छ पाण्याने धुऊन ओले ठेवावेत. साबण, तेल किंवा औषध हाताला राहिले तर ते त्याच्या रक्तात उतरते. आणि सोडून दिल्यावर, डोळ्यांना हात लावण्यापूर्वी, ते पुन्हा धुवावेत.