गाडी तापते तेव्हा

श्रोतेहो, चैत्र-वैशाखात कोणताही घाट चढा, एक देखावा हमखास दिसतो. रस्त्याच्या कडेला एखादी जीप किंवा माल भरलेला टेम्पो उभा असतो. बॉनेट वर केलेले, आतून वाफ निघते आहे, आणि एक तरुण एका हातात पाण्याची बाटली नि दुसऱ्या हातात फडके घेऊन रेडिएटरच्या झाकणावर वाकला आहे. बरोबरची मंडळी झाडाखालून विचारताहेत, "झालं का रे?" आज मला बोलायचे आहे ते या तरुणाशी, आणि तेही त्याने झाकणाला हात घालण्यापूर्वी.

मी काही मोटारीचा कारागीर नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पण खेड्यात आज गाडी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. कोणाचा ट्रॅक्टर असतो, कोणाची भाजी वाहणारी पिकअप, कोणाची प्रवासी जीप. बहुतेकांच्या डोक्यावर बँकेचे नाही तर पतपेढीचे हप्ते असतात. म्हणजे घरातले सगळे भांडवल त्या लोखंडाच्या पेटीत गुंतलेले असते. ते भांडवल तापलेल्या इंजिनाच्या दहा मिनिटांत जळून जाऊ शकते. आणि घाई केली तर त्याबरोबर माणसाचा हात नि तोंडही भाजते. म्हणून हा विषय केवळ फिटरचा नाही, तुमचा-आमचा आहे.

इंजिन तापते म्हणजे काय होते, ते आधी पाहू. इंजिनाच्या पोटात पेट्रोल किंवा डिझेल पेटते तेव्हा तिथल्या वायूचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. अॅल्युमिनिअम वितळते ६६० अंशांना, आणि आजकालच्या बहुतेक इंजिनांचे हेड अॅल्युमिनिअमचेच असते. मग ते वितळत का नाही? कारण त्याच्या भोवतीने सतत पाणी फिरत असते. जळणातल्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश चाके फिरवण्याच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून निघून जाते, आणि उरलेली उष्णता मुख्यतः या फिरत्या पाण्याला वाहून न्यावी लागते. पंप पाणी ढकलतो, ते इंजिनाची धग घेऊन रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येते, तिथे वारा लागून थोडे निवते आणि पुन्हा कामाला लागते. रहाटगाडग्यासारखे हे चक्र चालू असते. ते कुठेही अडले, की काटा चढू लागतो.

मोटार जन्मली तेव्हा हे चक्र नव्हते. १८८८ साली जर्मनीत बर्था बेन्झ ही धीट बाई नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली. अंतर शंभरएक किलोमीटर. त्या गाडीत इंजिन गार ठेवण्यासाठी पाणी नुसते उकळून उडून जाई. त्यामुळे वाटेत ठिकठिकाणी थांबून पाणी भरावे लागले. पुढे १९०१ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख या इंजिनिअराने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, हजारो बारीक नळ्यांचा रेडिएटर मर्सिडीज गाडीला बसवला, आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरणे सोपे झाले. आजचा रेडिएटर याच कुळातला आहे.

आता झाकणाची गोष्ट. हे झाकण धूळ पडू नये म्हणून बसवलेले नसते. घरातला कुकर आठवा. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि पाणी १०० अंशांना न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळते. म्हणूनच डाळ लवकर शिजते. रेडिएटरचे झाकणही आत साधारण तेवढाच दाब धरून ठेवते. त्यामुळे पाणी १०० अंशांच्या पुढे गेले तरी उकळत नाही, नि फिरत राहते. आपल्या घरातल्या बाया शिट्टी न काढता कुकरचे झाकण कधी उघडतात का? नाही ना? मग तोच कुकर बॉनेटखाली असला की पुरुषमाणसे इतकी उतावीळ का होतात?

झाकण काढताच आतला दाब एकदम उतरतो. ११० अंशांचे पाणी त्याच क्षणी उसळून उकळते. एक लिटर पाण्याची वाफ झाली तर ती सोळाशे लिटरहून अधिक जागा मागते. एवढी जागा मिळायची कुठून? मग ती वाफ नि उकळते पाणी वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येते. हातातले फडके तिथे काही कामाचे नाही.

शिक्षक मित्रांनो, दाब आणि उत्कलन यांचे नाते वर्गात सहज दाखवता येते. सुई नसलेली प्लास्टिकची मोठी सिरिंज घ्या. तिच्यात साधारण ७० अंशांचे गरम पाणी थोडेसे ओढून घ्या, हवा बाहेर काढा, तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. दाब कमी होतो नि पाणी बुडबुडे सोडून उकळू लागते. प्रयोग तुमच्या हातूनच करा, मुलांच्या नको. मग त्यांना सांगा, की महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे, म्हणून तिथे उघड्या भांड्यात पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. याचा अर्थ असा, की ज्याचे झाकण गळते आहे अशी गाडी जसजशी घाट चढते, तसतशी ती लवकर उकळी फुटण्याच्या बेतात येते. श्रम जास्त आणि उकळी लवकर, असा दुहेरी मार तिला बसतो.

तर गाडी तापू लागली असता करायचे काय? काटा नुसता वर सरकतो आहे, वाफ नाही, अशी वेळ असेल तर एसी बंद करा. गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण चालू करा. उन्हाळ्यात ही गोष्ट विचित्र वाटेल, पण हीटर म्हणजे एक लहान रेडिएटरच असतो. तो इंजिनाची थोडी धग बाहेर ओढून घेतो. वरच्या गिअरमध्ये गाडी कण्हत चढवू नका, खालचा गिअर टाका. सुरक्षित जागा दिसली की कडेला घ्या आणि एक-दोन मिनिटे इंजिन जागेवर चालू ठेवा. काटा उतरू लागला तर उत्तम.

पण वाफ दिसली, लाल दिवा लागला किंवा पट्टा तुटल्याचा आवाज आला, तर क्षणाचाही विलंब न लावता इंजिन बंद करा. "एवढा घाट तेवढा चढून जाऊ, वर गॅरेज आहे," हा विचार सर्वात महागात पडतो. त्या शेवटच्या दोन किलोमीटरांत हेड वाकते, गॅस्केट उडते, पिस्टन सीझ होतो. दोनशे-चारशे रुपयांचा पाइप फुटला होता, तिथे सगळे इंजिन उतरवावे लागते.

इंजिन बंद केल्यावर निदान अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही. बॉनेट उघडतानाही वाफ जिरू द्या, आणि पंख्यात हात घालू नका. विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. रेडिएटरकडे जाणारी वरची रबरी नळी हाताला सोसवेल इतकी निवली आणि दाबली असता मऊ लागली, की आतला दाब उतरला असे समजा. मग जाड फडके टाकून, तोंड बाजूला ठेवून, झाकण थोडेसेच फिरवा. फुसफुस झाली तर हात आवरा. ती थांबली की मगच उघडा. तापलेल्या, कोरड्या पडलेल्या इंजिनात गार पाणी ओतणे म्हणजे चुलीवरच्या तापल्या मातीच्या तव्यावर पाणी मारण्यासारखे आहे. तडा जातो. निवल्यावर थोडे थोडे ओता. अडचणीच्या वेळी पिण्याचे स्वच्छ पाणी चालेल.

आणखी एक सांगून ठेवतो. काटा खाली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पाणी पूर्ण गळून गेले असेल, तर तापमान मोजणारे यंत्र कोरडे पडते आणि काटा चुकीचा, कमी दाखवू शकतो. चालता चालता काटा अचानक पडला आणि करपल्याचा वास आला, तर गाडी थांबवा.

आता निगा कशी राखायची ते पाहू. पहिली गोष्ट पाण्याची. आपल्याकडे विहिरीचे नि बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. आंघोळीच्या बंबात आतून पांढरा थर बसलेला तुम्ही पाहिला असेल. रेडिएटरच्या नळ्या तर बंबाहून कितीतरी बारीक. तिथे तसाच थर बसला की पाण्याची वाटही अडते आणि उष्णताही बाहेर पडत नाही. म्हणून नेहमीसाठी कूलंट नि डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रण भरावे, बहुधा निम्मेनिम्मे. तयार मिश्रणही मिळते. त्यात पुन्हा पाणी घालायचे नसते. कूलंट म्हणजे नुसते रंगीत पाणी नव्हे. ते गंज धरू देत नाही आणि उकळीही थोडी लांबवते. पण ते निखळ भरले तर फायदा नाही, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच त्याहून सरस आहे. त्यातली गंज रोखणारी द्रव्ये काळाने संपतात. ते केव्हा बदलायचे, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते.

आणि हे विशेष लक्षात ठेवा: बहुतेक कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकॉल हे विष आहे, आणि त्याची चव गोड असते. कुत्रे, वासरू, लहान मूल ते पिऊन दगावू शकते. काढलेले कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नका, आणि उरलेले पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर मुळीच ठेवू नका.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅटची. इंजिन थंड असताना रेडिएटरची वाट बंद ठेवणारी आणि साधारण ८२ ते ८८ अंशांना ती उघडणारी ही लहानशी झडप. काही मेस्त्री सांगतात, "काढून टाका, गाडी कधी तापणार नाही." हा सल्ला ऐकू नका. झडप बिघडली असेल तर नवी बसवा. ती नसली की इंजिन योग्य तापमानाला उशिरा येते, तेल जास्त खाते आणि लवकर झिजते. इंजिन गारठलेलेही नको, आणि पेटलेलेही नको.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर भुशाच्या धुरळ्यात तासन्‌तास उभा असतो. उसाच्या फडात पाचट उडते. रेडिएटरची जाळी त्याने बुजून जाते. अशा दिवसांत रोज संध्याकाळी, इंजिन निवल्यावर, जाळी साफ करा. हवा मारायची ती पंख्याच्या बाजूने बाहेर, आणि बेताने. फार जोराने जाळीचे पातळ पत्रे वाकतात.

उरले ते नुसत्या डोळ्यांचे काम. सकाळी गाडी थंड असताना बॉनेट उघडा. बाटलीतले कूलंट खालच्या नि वरच्या रेषेच्या मध्ये आहे ना? पट्ट्याला चिरा नाहीत ना? रबरी नळ्या फुगलेल्या किंवा कडक झालेल्या नाहीत ना? गाडीखाली रंगीत ओल नाही ना? झाकणाचे रबर तुटलेले नाही ना? ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, गाडी तशीच नेऊ नका. दर आठवड्याला पाणी कमी होते आहे आणि गळती दिसत नाही, तर रोज भर घालत बसू नका, कारण शोधा. इंजिन एकाएकी तापते असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते आधी कित्येक दिवस सांगत असते, ऐकणारा कोणी नसतो.

या सगळ्या पाहणीला पाच मिनिटे पुरतात आणि पैसा लागत नाही. शाळेतल्या मोठ्या मुलांना शिक्षकांनी ती एकदा प्रत्यक्ष गाडीवर दाखवावी. उद्या यांतलीच काही मुले ट्रॅक्टर नि जीप चालवणार आहेत. आणि गाडीमालकांनी आणखी एक काम करावे. बॉनेटच्या आतल्या बाजूला, झाकण उघडणाऱ्याच्या नजरेसमोर येतील असे तीन शब्द पांढऱ्या रंगाने लिहून ठेवावेत: "गार झाल्यावर उघडा."